डावा हात

पिट्सबर्ग, २ जानेवारी २०२६

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. रविवारच्या शाळेत जोडाक्षर आलं की थांबायचास, तसाच आजही थांबत असशील. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. फोनवर आपण दोघंही घाई करतो आणि मग एकाचा आवाज चढतो. हे पत्र तुला हळूहळू वाचावं लागेल, आणि मला तेच हवं आहे.

परवा तू कॉलेज संपायच्या आधीच एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगच्या, ड्राफ्टला जातो म्हणालास, मी "डिग्री, डिग्री" करत राहिले आणि तू फोन ठेवलास. तुझं चुकलं नाही. डिग्रीचं मी खरंच म्हणत होते, पण मनातलं खरं कारण वेगळं होतं. बाबा स्पीकरवर ऐकत होते म्हणून ते बोलले नाही.

नाताळात तू घरी होतास. तेवीस तारखेला संध्याकाळी चिवड्याचा डबा हवा होता म्हणून स्वयंपाकघरात आलास. डबा वरच्या फळीवर, नेहमीच्या जागी. तू उजवा हात कोपरापर्यंत उचललास, क्षणभर थांबलास, आणि मग वळून डाव्या हातानं डबा काढलास. जन्मापासून तू उजवा. मी कणीक मळत होते, काही बोलले नाही. पण बावीस वर्षं मी लोकांचे खांदे आणि गुडघेच बघते आहे रे. ऑक्टोबरमध्ये टॅकल करताना "नस चमकली" म्हणालास, ती नुसती नस नव्हती. खांदा जागचा हललेला असणार आणि वाटीची कड फाटलेली असणार. एमआरआयशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण हात खांद्याच्या वर न्यायला तू घाबरतोस, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हे तू कोचला सांगितलंस का? त्या एजंटला? मला वाटतं, कुणालाच नाही.

आता ड्राफ्टचं बोलू, लीगचे संघ पाळीपाळीनं कॉलेजची मुलं निवडतात त्याचं. तुझी बाजू मी पूर्ण समजून घेतली आहे, रात्री बसून वाचलं आहे. ज्युनियर, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या, मुलांना लवकर जायची वाट १९९० मध्ये खुली झाली. शाळा सुटून तीन वर्षं झाली की झालं, आणि तुझी ती होतात. एकूण सात फेऱ्या, बत्तीस संघ, साधारण अडीचशे नावं. एजंट म्हणतो तिसरी फेरी नक्की. पण तुझ्या कोचनी लीगच्या सल्लागार समितीकडे विचारणा केली होती. ती समिती तीनच उत्तरं देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा दोन्ही नाहीत. तुला तिसरं उत्तर आलं. संघांसाठी खेळाडू पारखणारी माणसंच त्या समितीत असतात, त्यांना तुझ्याकडून कमिशन मिळवायचं नसतं. म्हणून त्यांचं उत्तर मी जास्त धरते.

एजंटचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो खोडायचा मला हक्क नाही. २०११ पासून नव्या खेळाडूच्या कराराची रक्कम ड्राफ्टमधल्या त्याच्या क्रमांकावर जवळजवळ ठरलेलीच असते, मुदत चार वर्षं. खरा पैसा दुसऱ्या करारात. मग पहिला जितक्या लवकर सुरू होईल, तितका दुसरा लवकर हाती. शरीर तर एकच. खेळाडूंची संघटना एका माणसाची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास धरते. म्हणजे पुष्कळ मुलांना दुसरा करार बघायलाच मिळत नाही. नवीन मुलाचा किमान पगार या वर्षी आठ लाख पंचाऐंशी हजार डॉलर आहे, हे वाचून माझे हात थांबले. बाबांना आणि मला मिळून तेवढे मिळवायला किती वर्षं लागतील याचा मी हिशेब केला. पण बाळा, तो पगार संघात राहिलास तर. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे नव्वद मुलं असतात, ऑगस्टअखेर त्रेपन्न उरतात. खालच्या फेरीतल्या मुलाला सहीच्या वेळी मिळालेला बोनस तेवढा त्याचा, बाकी संघानं काढलं की संपलं.

तुला माहीत आहे, मी २००२ च्या ऑगस्टमध्ये कोलंबसला शिकायला आले. फुटबॉल म्हणजे आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि खंडोबा तालीम यांच्यातली मॅच, पेठेपेठेतून वाहणारी गर्दी. हा अंडाकृती चेंडू मला कळत नव्हता. पण त्या वर्षी गावभर एकच नाव होतं, मॉरिस क्लॅरेट. ओहायो स्टेट कॉलेजचा पहिल्याच वर्षाचा पोरगा, तुझ्याहून दोन वर्षं मागे. ३ जानेवारी २००३ ला फिएस्टा बाउलमध्ये, त्या वर्षीच्या कॉलेज अजिंक्यपदाच्या मॅचमध्ये, मायामीविरुद्ध दुसऱ्या जादा डावात शेवटचा टचडाउन त्यानंच केला, ३१-२४. आम्ही सात मुली एका खोलीत टीव्हीसमोर होतो. बाहेर रस्त्यावर लोक नाचत होते.

मी मात्र त्या मॅचमधली दुसरी एक गोष्ट घेऊन झोपले. चौथ्या क्वार्टरमध्ये मायामीचा विलिस मॅगेही चेंडू घेऊन वळला, समोरून धडक बसली आणि त्याचा गुडघा उलट्या दिशेला वाकला. मी तेव्हा गुडघ्याचे स्नायुबंध पुस्तकातून पाठ करत होते. टीव्हीवर परत परत दाखवत होते आणि मी मनात एकेक नाव घेत होते: हा तुटला, हाही तुटला, हाही. तीन तुटले होते.

मग दोघांचं काय झालं ते बघ. क्लॅरेट धडधाकट. त्याला लवकर जायचं होतं, तो तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकला, २००४ च्या मे महिन्यात वरच्या कोर्टात हरला. कॉलेज सुटलेलं, लीगचं दार बंद. दोन सीझन खेळाविना गेले. २००५ मध्ये डेन्व्हरच्या संघानं तिसऱ्या फेरीत, एकशे एकाव्या क्रमांकावर घेतला आणि ऑगस्टअखेर काढून टाकला. लीगची एकही मॅच तो खेळला नाही. ती बातमी मी तुला मांडीवर घेऊन पाहिली होती, तू तीन महिन्यांचा होतास. पुढे त्यानं तुरुंग पाहिला, आणि त्यातून बाहेर येऊन पुन्हा उभा राहिला. त्याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मॅगेही? तोही त्याच वर्षी लवकर निघाला, मोडका गुडघा घेऊन. बफेलोनं त्याला पहिल्या फेरीत तेविसावा घेतला. एक अख्खा सीझन बाकावर बसवला, गुडघा भरू दिला. २००४ मध्ये त्यानं चेंडू घेऊन धावत अकराशेच्या वर यार्ड काढले.

इतकी वर्षं मी याला दैव म्हणत आले. आता तसं वाटत नाही. त्याचा गुडघा साऱ्या देशानं पाहिला होता. बफेलोच्या डॉक्टरांना कुठे काय तुटलंय आणि किती महिने लागतील हे ठाऊक होतं, म्हणून ते थांबू शकले. नोत्र दामच्या जेलन स्मिथचंही तेच. १ जानेवारी २०१६, पुन्हा फिएस्टा बाउल, पुन्हा गुडघा, शिवाय नसेला इजा. पहिल्या पाचात जाईल म्हणत होते, तो चौतिसावा गेला. पण घेतला तो डॅलसनं, आणि त्याचं ऑपरेशन डॅलसच्याच टीमच्या डॉक्टरांनी केलं होतं. आत काय आहे हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. वर्षभर वाट पाहिली, मग तो खेळला. दुखणं ज्यांना माहीत होतं, त्यांनीच वाट पाहिली.

तुझं दुखणं कुणालाच माहीत नाही. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला, ड्राफ्टआधीच्या तपासणीत, बत्तीस संघांचे डॉक्टर एकामागून एक तुझा हात फिरवून बघतील. तिथे लपत नाही रे. मी बेसिनपाशी उभी राहून ओळखलं, ते तर टेबलावर झोपवून ओळखणार. मग तिसऱ्या फेरीचं पाचव्यावर येईल, किंवा नाव येणारच नाही. आणि तोवर परतीची वाट बंद झालेली असेल. अर्ज केल्यावर मागे फिरायला मुदतीनंतर बहात्तर तास मिळतात, बस्स.

आबांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. नववीतून शाळा सोडून ते तालमीत गेले हे तू ऐकलंयस. खासबागच्या मैदानात कुस्ती केली, तो फोटो तुझ्या खोलीत आहे. पण त्यांचा उजवा गुडघा मैदानाच्या तीन आठवडे आधीपासून सुजत होता, हे त्यांनी वस्तादांना सांगितलं नव्हतं. रात्री हळद-तुरटीचा लेप लावायचे, पहाटे पुसून जोर-बैठका मारायचे. जत्रेतल्या कुस्तीत गुडघा गेला तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. मी लहान असताना घरात पंगत जमिनीवर बसायची आणि आबा एकटे भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर ताट मांडीवर घेऊन जेवायचे. मला वाटायचं, घरातल्या मोठ्या माणसाचा तो मान आहे. अकरावीत असताना आजीनं खरं सांगितलं. मी फिजिओथेरपीला गेले ते त्यानंतर.

वस्तादांना सांगितलं असतं तर ते चिडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, आणि सहा महिने मातीबाहेर बसवलं असतं. बस एवढंच झालं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी खांदा दाखव. सोमवारी कोचना सांग, मंगळवारी एमआरआय. कड फाटलेली निघाली तर ऑपरेशन आत्ता जानेवारीत, सहा महिने व्यायाम, वसंतातला सराव बुडेल, ऑगस्टला तू मैदानात. तो व्यायाम मी स्वतः करून घेईन, रजा शिल्लक आहे. आणि या वर्षी थांब. काहीच निघालं नाही तरी समितीचं उत्तर तेच आहे, पण मग मी हट्ट धरणार नाही, तू आणि बाबा ठरवा.

थांबण्यातही धोका आहे, तो मी झाकून ठेवत नाही. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचा एक गुडघा २०११ मध्ये गेला, दुसरा २०१२ मध्ये, दोन्ही कॉलेजातच. चौथ्या फेरीत निवड झाली, पण एक मॅच न खेळता त्याला निवृत्त व्हावं लागलं. म्हणून थांबलास तर विमा उतरवायचा, क्रमांक घसरला तर भरपाई देणारा. जेलन स्मिथकडे तो होता. त्याचे कागद मी मागवले आहेत, हप्ता बाबा आणि मी भरू.

पूर्वीच्या मुलांना नुसती स्कॉलरशिप मिळायची. घरी आई दोन पाळ्या करते, भाऊ लहान, अशा घरातून आलेला मुलगा ज्युनियर वर्षातच गेला तर त्याला नावं ठेवायला मी कोण? त्याच्या जागी मीही जा म्हणाले असते. पण आता २०२१ पासून तुम्हाला स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून वगैरे, पैसे घेता येतात, आणि गेल्या जुलैपासून कॉलेजच खेळाच्या कमाईतला वाटा देतं, एका कॉलेजला या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटता येतात. तुझा वाटा त्यात मोठा नाही, तरी माझ्या पहिल्या नोकरीच्या पगाराहून जास्त आहे. आपल्या घरची चूल तुझ्या सहीवर अडलेली नाही. थांबणं तुला परवडतं. त्या मुलांना ते परवडत नव्हतं.

आणि डिग्री. एमिट स्मिथ १९९० मध्ये लवकर गेला, आईला शब्द देऊन, आणि १९९६ मध्ये डिग्री घेतली. मध्ये तीन सुपर बाउल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकले होते. आपल्या पिट्सबर्गचा जेरोम बेटिस ज्युनियर वर्षानंतर निघाला आणि २०२२ मध्ये, पन्नाशीला, वर्गात परत बसून पदवीधर झाला. त्यानंही आईला शब्द दिला होता. तेव्हा डिग्री जाते कुठे, ती थांबते. त्यावरून मी परत भांडणार नाही. तुझे एकतीस क्रेडिट राहिलेत एवढं लक्षात असू दे.

ड्राफ्ट यंदा आपल्याच गावात आहे, २३ एप्रिलला. नदीकाठी स्टेज बांधणार म्हणतात. तुला आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर नाव ऐकायचं आहे, हे तू बोलला नाहीस तरी मला कळतं. मलाही ऐकायचं होतं. मंडळातल्या दोघीतिघींनी आत्ताच विचारलं, कोणती साडी नेसणार म्हणून. तेव्हा हे लिहिताना मला सोपं जात नाहीये.

बाबांना खांद्याचं मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. रागावणार नाहीत, आबांचा गुडघा त्यांनीही पाहिलाय.

संक्रांत चौदाला आहे, अर्जाची मुदतही त्याच सुमारास. तिळाच्या वड्या उद्या पोस्टात टाकते, गूळ कोल्हापूरचा आहे, मावशीनं पाठवलेला. डबा घट्ट बसतो, उजव्या हातानं जोर लावू नकोस, रूममेटकडून उघडून घे. रविवारी रात्री नऊनंतर मी एकटी असते. तेव्हा फोन कर.

तुझी,
आई