‘घरात संडास किती?’ हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत थायरॉईडवर पानभर लेख आला. राजापूर स्टँडवर गाडी लागायला वेळ होता, तेवढ्यात वाचून काढला. वजन वाढतं, सुस्ती येते, थंडी वाजते, सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची. सगळं बरोबर आहे. पण ही गोष्टीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू मी अडीच-तीन वर्षं अंगावर काढली, म्हणून हे पत्र.

मी एसटीत कंडक्टर आहे. वय ४८. २०२२ ची दिवाळी झाली आणि पहाटेच्या पहिल्या गाडीला मला घाम फुटायला लागला. पॅसेंजर कानटोप्या घालून बसलेले आणि मी खिडकी उघडून उभी. मशीनवर तिकीट काढताना बोट थरथरून भलत्याच बटणावर पडायचं. सुटे देताना नाणी निसटून सीटखाली जायची. एकदा मागून कुणी तरी बोललाच, “बाईंनी सकाळी सकाळी घेतलेली दिसते.” दोन भाकऱ्या जास्त खाऊन तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. डेपोतल्या बायका कसलं डाएट करतेस म्हणून विचारायच्या, आणि खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटायचं.

पहिले डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय आहे, असं होतंच. दुसऱ्यांनी नाडी धरली, बसल्या जागी ११८ ठोके. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच ०.०१ च्या खाली आला. मला आनंद झाला, कारण आजवर ऐकलेलं एवढंच की टीएसएच वाढला म्हणजे वाईट. ते कसं उलटं असतं हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीनं वरून मारलेली बेल. थायरॉईडची गाठ, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथीच, ती बेल ऐकून काम करते. माझी गाडी बेलशिवायच सुसाट सुटली होती, म्हणून वरच्यानं बेल मारणंच बंद केलं. आकडा खाली, गाडी वेगात.

डेपोतल्या एका मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, “मला थायरॉईड निघालाय.” तिनं प्रेमानं पर्समधून स्ट्रिप काढली. “थायरॉक्सिनची, शंभर मायक्रोग्रॅमची आहे, उद्यापासून चालू कर, मी आणते नवीन.” तिचा थायरॉईड मंदावलेला, माझा धावत सुटलेला. तिची गोळी मी घेतली असती तर आगीत तेल पडलं असतं. आपल्याकडे दोन्ही आजारांना एकच शब्द, ‘थायरॉईड’, आणि तुमच्या लेखातही तेच झालंय.

आणखी एक. केस गळत होते म्हणून मी दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणून खात होते. जास्त डोसाचं बायोटिन पोटात असलं तर काही मशीनवर थायरॉईडचे आकडे चुकतात, नसलेला आजारही दिसतो. ते चार दिवस बंद करून रक्त पुन्हा दिलं. आकडे तेच आले. मग अँटिबॉडीची तपासणी झाली आणि नाव कळलं, ग्रेव्हज; यात आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडी थायरॉईडला पळवत सुटतात. मुंबईच्या भावानं फोनवर शोधलं आणि घाबरून म्हणाला, “अगं, ग्रेव्ह म्हणजे थडगं!” डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज नावाच्या डॉक्टरांनी १८३५ मध्ये हा आजार लिहून ठेवला, त्यांचं आडनाव आहे ते. थडग्याचा काही संबंध नाही.

थायरॉईडला ब्रेक लावणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू झाली, आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. धडधड आठवड्याच्या आत बसली. वजन हळूहळू परत आलं. गोळ्यांबद्दल मला तक्रार नाही. तक्रार एका वाक्याबद्दल आहे, जे मला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं आणि सांगितलं मेडिकलवाल्यानं, तेही तिसऱ्या महिन्यात: “ताई, ही गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवा आणि लगेच पांढऱ्या पेशी तपासा.” हजारात दोन-चार जणांच्या पांढऱ्या पेशी या गोळीनं एकदम पडतात, आणि मग साधा घसासुद्धा जिवावर बेततो.

२०२३ च्या श्रावणात मी वस्तीच्या गाडीला होते. रात्री गाव गाठलं, जेवले, आणि दहाच्या सुमारास घसा धरला. अंग तापलं. बाहेर धो धो पाऊस, फोनला रेंज नाही, पहिली गाडी पहाटे साडेपाचची आणि ती माझीच. रात्रभर बॅटरीच्या उजेडात स्ट्रिपकडे बघत बसले, पण रात्रीची गोळी घेतली नाही. सकाळी गाडी राजापुरात आणली, वेबिल जमा केलं आणि तशीच लॅबमध्ये गेले. पेशी ६,४०० निघाल्या, म्हणजे ठीक. साधा पावसाळी घसा. पण मेडिकलवाला त्या दिवशी दुकानात नसता तर मी ती गोळी घेतच राहिले असते.

सतरा महिन्यांनी गोळ्या बंद झाल्या. पाच महिन्यांत आजार परत आला. निम्म्या लोकांचा येतो, असं तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी देवीची ओटी भरून मोकळी झाले नसते.

आता खरा मुद्दा. डॉक्टरांनी कागदावर दोन शब्द लिहिले, ऑपरेशन आणि आयोडीन. म्हणाले, “पुढच्या वेळी ठरवून या.” बाहेर चाळीस माणसं बसलेली, तेही काय करणार. घरी येऊन मी ते दोन शब्द चुलीपुढे बसून वाचले. ठरवायचं कशावरून?

ऑपरेशनचं ऐकलं ते असं. गाठ काढली की प्रश्न मिटतो, वाट बघावी लागत नाही. पण आवाजाची नस गाठीला चिकटून जाते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिच्या पाठीशीच असतात. नेहमी हीच ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या हातून कायमची इजा क्वचित होते, शंभरात एखाद-दुसऱ्याला. पण माझं पोट आवाजावर आहे. लांजा, पाली, हातखंबा ओरडायला घसाच लागतो. शिक्षिकेचं, कीर्तनकाराचंही तेच. दुकानात बसणाऱ्याला तोच एक टक्का वेगळा वाटेल.

आयोडीनचं तर घरात नाव काढायची सोय नव्हती. ते किरणोत्सर्गी आयोडीन, १३१ नंबरचं; थायरॉईडची गाठ ते शोषून घेते आणि त्याच्या किरणांनी मंदावते. आमचा तालुका जैतापूर अणुप्रकल्पाचा. अणू म्हटलं की इथे मोर्चे निघालेत, पोलीस आलेत. सासूबाई म्हणाल्या, “प्रकल्प नको म्हणून भांडलो आणि आता तूच गिळणार काय गो?” त्यांना मी एवढंच सांगू शकले की अमेरिकेत हे औषध १९४१ पासून देतात, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं काम १९६३ पासून चालू आहे, आणि हे आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. शेवटचं वाक्य सांगायला नको होतं.

अखेर रजा टाकून रातराणीनं मुंबईला गेले. तिथे एका रुग्णालयात आयोडीनच्या विभागात सिस्टरनं फॉर्म भरायला घेतला. पहिला प्रश्न, “घरात संडास किती?” मी बघतच राहिले. एक. “झोपायला वेगळी खोली?” नाही, दिराची दोन मुलं माझ्याच अंथरुणात असतात. “घरात कोणी गरोदर?” मुलीला सातवा, पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला येणार. “काम काय?” सांगितलं. “गर्दी असते?” अर्धं तिकीट झाल्यापासून बायकांना उभं राहायला जागा नसते, असं म्हणाले. “आणि इथून परत कशानं जाणार?” एसटीनं, म्हटलं, पास आहे. तिनं पेन खाली ठेवलं. “औषध घेऊन आठ-दहा तास कुणाच्या मांडीला मांडी लावून नाही जाता येणार, ताई.”

दोन वर्षांत माझ्या आजाराविषयी विचारलेले हे पहिले शहाणे प्रश्न. हे औषध लघवीतून, घामातून, लाळेतून बाहेर पडतं आणि आठ दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो. ते कुणी घ्यायचं आणि कधी, याचं निम्मं उत्तर रिपोर्टमध्ये नसतंच, ते घरात असतं.

मग तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते कागदावरच्या त्या दोन शब्दांत नव्हतंच. म्हणाले, घाई नाही. कार्बिमाझोल परत चालू करा, आकडे ताब्यात ठेवा, नातवंडाचं सगळं आटोपू द्या, मग या. आणि कमी डोसावर गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवणारेही पेशंट आहेत, तपासणी चुकवली नाही तर तोही एक रस्ता आहे. डोळे तपासले, कारण या आजारात डोळे बाहेर येतात, आणि ते जास्त आलेले असतील तर आयोडीननं बिघडू शकतात; माझे ठीक होते. माझ्या जागी पंचविशीतली मुलगी असती तर सगळा हिशेबच वेगळा. दिवस गेलेले असताना आणि अंगावर पाजत असताना आयोडीन देतच नाहीत, घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि कार्बिमाझोलही सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला चांगलं नाही, म्हणून गोळी बदलावी लागते. हे लग्न ठरलेल्या मुलींना कोण सांगतं?

मी थांबायचं ठरवलं. मुलगी आली, जानेवारीत नातू झाला, मी त्याला न्हाऊ-माखू घातलं. एप्रिलमध्ये ती सासरी गेली. मे महिन्यात चाकरमानी येऊन गेले आणि जूनमध्ये वाडीतली घरं पुन्हा बंद झाली. त्यातलं एक माझ्या चुलत दिराचं, गणपतीपर्यंत कुलपात. त्याची किल्ली मागून घेतली आणि मग मुंबई गाठली.

औषध म्हणजे एक कॅप्सूल, शिशाच्या जाड डबीतून काढलेली. पाण्याबरोबर गिळली. चव नाही, जळजळ नाही. पाचच मिनिटांत झालं. परतीला भावाच्या ओळखीची गाडी, मी मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरकस कोपऱ्यात, साडेतीनशेच्या वर किलोमीटर. सात हजार रुपये. एकोणीस वर्षं एसटीत काढून एसटीनं घरी यायची बंदी झाली, याचं मला आजही हसू येतं. तीन आठवडे त्या बंद घरात राहिले. ताट-वाटी वेगळी, संडासात दोनदा पाणी, पोरांना पडवीतूनच हाक. सासूबाई जेवणाचा डबा पायरीवर ठेवून लांबून विचारायच्या, “उजेड पडता काय गो रात्रीचो?”

परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन महिने जातात, काहींना दुसरा डोस लागतो. मला लागला नाही. ऑक्टोबरमध्ये गाठ पुरती मंदावली. ते होणार हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही.

विनंती दोनच. तुमच्या पुरवणीच्या डॉक्टरांना या दुसऱ्या बाजूवर लिहायला सांगा. आणि कार्बिमाझोल लिहून देणाऱ्यांनी घसा-तापाचं ते एक वाक्य मराठीत कागदावर लिहून द्यावं; शिक्का करून घेतला तरी चालेल.

आता पहाटे साडेचारला उठून मी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते, चहा तासाभरानं डेपोत. शंभरचीच, जी पहिल्या दिवशी मैत्रिणीनं पर्समधून काढली होती. ती म्हणते, “तेव्हाच घेतली असतीस तर एवढी यातायात कशाला झाली असती?” तिला मी तीनदा समजावलंय. तुम्ही छापलंत तर कात्रण देईन.

आपली,
एक वाचक, ता. राजापूर
(नाव छापू नये. डेपोत आधीच पुष्कळ चर्चा झाली आहे.)