बाबा, शहाबादी फोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आवाज सारखा कट होत होता म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, मिस्त्री काहीही म्हणू देत, ट्रॉल्या बसवायच्या म्हणून स्वयंपाकघरातली फरशी फोडायची नाही. तिला उतार आहे हे खरंय, पण तो आजोबांनी मुद्दाम देऊन घेतलाय, धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून. आई अजून बादली ओतून खराट्याने धुते, ते नव्या सपाट टाइल्सवर कसं जमणार, पाणी तिथेच साचून राहील आणि ओल्या टाइल्सवर पाय सटकतो, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला तर विचारही नको वाटतो.

मागे मी आले तेव्हा आपण पारदर्शक नळीत निळीचं पाणी भरून माप घेतलं होतं ना, तुम्ही देवघराच्या भिंतीशी नळीचं टोक धरलं होतंत आणि मी मोरीपाशी, मधे बुडबुडा राहिला म्हणून तुम्ही मला पाणी पुन्हा भरायला लावलंत. तेव्हा दहा फुटांत सव्वा इंचाचा फरक निघाला. एवढ्यासाठी घरभर धूळ कशाला करायची? फरशी आहे तशीच राहू दे, लेव्हल ट्रॉल्या ज्यात बसतात त्या बॉक्सची करायची.

आता हे मिस्त्रींना नीट सांगा. सुरुवात देवघराकडून, कारण तिथे फरशी सगळ्यात उंच आहे. तिथून भिंतीवर लेव्हलची रेघ मारायची आणि सगळे बॉक्स त्या रेघेला लावायचे. खालून माप घेत गेले तर शेवटच्या बॉक्सला घोटाळा होतो. बॉक्सखाली चार इंची प्लास्टिकचे पाय येतात, ते आट्यांवर फिरवून वरखाली होतात. मोरीकडच्या शेवटच्या पायांना तेवढंही पुरलं नाही तर खाली शहाबादीचाच तुकडा सिमेंटने बसवून घ्यायचा. लाकडाची पाचर अजिबात मारू देऊ नका, तिथे रोज पाणी येतं, ती फुगते, कुजते आणि बॉक्स एका बाजूला खचतो. मग ट्रॉली आपोआप पुढे घसरत येते, दारं एकमेकांना घासतात, आणि वरचा ग्रॅनाइट सिंकच्या किंवा शेगडीच्या खाचेपाशी तडकतो कारण दगड तिथे आधीच अरुंद झालेला असतो. बॉक्स एकमेकांना स्क्रूने जोडून, लेव्हल पट्टी आडवी-उभी दोन्हीकडे ठेवून बघितल्याशिवाय ग्रॅनाइट चढवायचा नाही.

आई, उंचीचं तुझ्यासाठी. तुझं कोपर जमिनीपासून छत्तीस इंचांवर येतं, ओटा त्याच्या चारेक इंच खाली बरा पडतो, म्हणजे बत्तीस. ग्रॅनाइट पाऊण इंच, पाय चार इंच, म्हणून बॉक्स सव्वासत्तावीस इंचांचा करायला सांग, रेडिमेड मापाचा आणला की ओटा उंच होतो आणि पोळ्या लाटताना तुझे खांदे वर येतात. ही बत्तीस इंच देवघराकडे, शेगडी तिथे. मोरीकडे फरशी खाली गेली की ओटा आपोआप सव्वातेहतीस होतो, आणि सिंक तिथेच आहे, भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात म्हणून तिथे थोडी उंची असलेली चांगलीच, कमरेतून कमी वाकावं लागेल. मला तर हा उतार आपल्या कामालाच आला असं वाटतं.

प्लाय मात्र सिंकखाली तरी मरीनच, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो तो बाबा तुम्ही स्वतः बघा. बॉक्सचे पाय झाकणारी खालची पट्टी क्लिपवर बसणारी घ्या, खिळ्याने ठोकलेली नको, म्हणजे काढून आतली फरशी पुसता येईल, झुरळंही होणार नाहीत. पट्टी मोरीकडे रुंद होत जाईल, तशी तिरकी कापून घ्यायची. भिंतही ओळंब्यात नाहीये, तिथे कडेला फट झाकायला फिलर पट्टी लावतील, ते ठीक आहे.

मिस्त्री फरशीवरच अडून बसले तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, मला फोन लावून द्या, मी बोलते. शनिवारी येतेच आहे. आई, तोपर्यंत ओट्याखालचे डबे माळ्यावर चढवायला स्टुलावर उभी राहू नकोस, ते मी आल्यावर काढेन.

तुमची,
मनू