इग्बो ऐकायची भाषा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पॉडकास्टवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात नायजेरियाचं नाव आलं ते फक्त इंग्रजी पॉडकास्टच्या मार्केटपुरतं, म्हणून हे पत्र.

मी सहा वर्षं लागोसला नोकरीला होतो. ऑफिसचा ड्रायव्हर आग्नेय नायजेरियातल्या ओवेरी शहराकडचा, इग्बो माणूस (इग्बो ही तिकडच्या लोकांची भाषा), आणि थर्ड मेनलँड ब्रिजवर गाडी अडकली (रोजच अडकायची) की तो मोबाईलवर इग्बो पॉडकास्ट लावायचा. मला ओ की ठो कळायचं नाही, तो हसला की मी विचारायचो काय झालं. एकदा त्याने 'अक्वा' हा शब्द सूर वरखाली करत चारदा म्हणून दाखवला, एकदा अंडं, एकदा कापड, एकदा रडणं, एकदा पलंग. लिहिताना मात्र चारही सारखेच, कारण सुरांच्या खुणा कोण टाइप करत बसतंय, १९६१ ला ठरलेल्या लिपीत काही अक्षरांखाली टिंबं आहेत तीसुद्धा लोक मोबाईलवर सरळ गाळतात, मग वाचणाऱ्याने अंदाजाने समजून घ्यायचं. आवाजात ही भानगडच नाही.

दुसरं म्हणजे बोलींचं भांडण. १९१३ चं इग्बो बायबल मिशनऱ्यांनी पाच बोली कालवून केलेल्या 'युनियन इग्बो'त छापलं, जी घरी कोणीच बोलत नव्हतं. नायजेरियाचे प्रसिद्ध कादंबरीकार चिनुआ अचेबे, स्वतः इग्बो, त्यांचा त्या भाषेवर भयंकर राग, १९९९ ला ओवेरीत त्यांनी इग्बोतून व्याख्यान दिलं त्यातही ते यावर बोलले. (आपल्याकडे प्रमाण भाषेवरून जे चालतं ते आठवलं ना?) पॉडकास्टवाल्याला असलं कोणाला विचारावं लागत नाही, ओनिचा गावचा माणूस ओनिचासारखा बोलतो, न्सुका गावचा न्सुकासारखा. आमचा ड्रायव्हर कधी कधी वैतागायचा, हा काय बोलतोय म्हणायचा, पण बंद नाही करायचा.

सगळं छान आहे असं नाही, बरेच जण दर वाक्यात अर्धं इंग्रजी घुसवतात. २०१८ ला बीबीसीची इग्बो सेवा सुरू झाली, तिथे निदान बातम्या तरी सलग इग्बोत मिळतात. इग्बो लोकांत पाहुण्यापुढे कोला नट (चघळायची एक कडवट बी) ठेवून प्रार्थना करतात आणि म्हणतात की कोला नटला इंग्रजी कळत नाही. कोला नटला नाही कळत, पण लागोसमधल्या पोरांना तेवढंच कळतं त्याचं काय? ड्रायव्हरची मुलगी तिथेच जन्मलेली, बाप इग्बोत बोलला तरी उत्तर इंग्रजीत. म्हणून शाळेत सोडताना तो मुद्दाम पॉडकास्ट लावायचा. म्हणायचा, "साहेब, माझ्याशी ती इंग्रजीत वाद घालते, त्या पॉडकास्टवाल्या बाईशी नाही घालता येत."

लेखकांनी पुढच्या भागात अशा भाषांवर चार ओळी लिहिल्या तर बरं होईल.

— एक वाचक, डोंबिवली