गाडी दारात उघडायची नाही, मग उघडायची कुठे?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमधे एका काकांचं पत्र होतं, कॉलनीतली पोरं सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर गाड्या उघडून बसतात, ऑइल सांडतं, दिवसभर ठोकाठोकी चालते, नगरपालिकेने यांना दंड करावा असं. ते पत्र मी दोन वेळा वाचलं कारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत आम्हीपण हेच करत होतो, आमच्या भुसावळच्या घरासमोर, चार दिवस. काकांची ऑइलबद्दलची तक्रार मला मान्य आहे आणि आवाजाबद्दलची पण. पण दंड करून हा विषय मिटणार नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून आमचं काय झालं ते सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

माझी गाडी २००५ सालची आहे, १८०० सीसी टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर, मॅन्युअल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पत्राचा मुद्दा कंपनी नाही. शाळेत असताना एका मासिकात या गाडीचा फोटो बघितला होता तेव्हापासून डोक्यात होती, नोकरी लागल्यावर सहा वर्ष पैसे जमवून तिसऱ्या मालकाकडून घेतली. आमच्याकडे लोक म्हणतात एवढ्या पैशात नवीन गाडी आली असती, आली असती, पण मला हीच पाहिजे होती.

फेब्रुवारीत चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, पुढे ट्रकांची लाईन, थांबत थांबत जायचं चालू होतं, एका वळणावर तिसऱ्या गिअरमधे ॲक्सिलेटर दाबला तर इंजिनचे फेरे मिनिटाला तीन हजारावरून साडेचार हजारावर गेले आणि गाडी आहे त्याच स्पीडला. मग तो वास आला, क्लच प्लेट जळाल्याचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आधीपासून गाडी न्यूट्रलला उभी असली की खालून खडखड यायची आणि क्लच दाबला की बंद व्हायची, म्हणजे फ्लायव्हीलपण गेलेलं. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले होते, त्याचं त्याने काम केलं, तक्रार नाही.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने एस्टिमेट दिलं एक लाख पंधरा हजार, शिवाय तिथपर्यंत गाडी टो करून न्यायची, शिवाय तीन आठवडे थांबा. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी हात जोडले, आणि ते खरं बोलले, "भाऊ, या गाडीचे पाने आमच्याकडे नाही, उगाच हात लावून बिघडवणार नाही." त्यांचाही दोष नाही. ॲक्सलचे बोल्ट या गाडीला षटकोनी नसून बारा टोकांच्या चांदणीचे आहेत, तो बिट नसला की पहिल्याच बोल्टला काम थांबतं.

मग ठरवलं आपणच करू. आम्ही चौघं. मी, पुण्यात सॉफ्टवेअरमधे असलेला शाळेतला मित्र जो आखाजीला घरी येतोच, यावलचा एक मित्र ज्याची केळी आहे, आणि अमळनेरचा एक मास्तर. आणि पाचवे म्हणजे आमच्या गल्लीतले काका, रेल्वेच्या पीओएच मधून, म्हणजे रेल्वे इंजिनं पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या वर्कशॉपमधून, फिटर म्हणून रिटायर झालेले. ते नसते तर मी हे पत्र लिहायला असतो की नाही सांगता येत नाही, का ते पुढे येतंय.

फ्लायव्हीलबद्दल दोन शब्द सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं ती एक लोखंडी चकती आहे. साध्या गाडीत ती तशीच असते, लेथवर घासून परत लावता येते. आमच्या गाडीत ती दोन चकत्यांची असते, एक इंजिनला बांधलेली, दुसरी क्लचला, आणि मधे लांब वाकवलेल्या स्प्रिंगा ग्रीसमधे बसवलेल्या. इंजिनचा प्रत्येक धक्का त्या स्प्रिंगा गिळतात म्हणून गिअर बॉक्स शांत राहतो. स्प्रिंगा थकल्या की दोन्ही चकत्या एकमेकींवर आपटतात. ही घासून चालत नाही, बदलावीच लागते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, हे फ्लायव्हील आणि त्याचे सहा नवीन बोल्ट असं सगळं मिळून मला ५४ हजाराला पडलं. बोल्ट नवीनच घ्यायचे, ते आवळताना ताणले जातात, परत वापरायचे नसतात.

आता जागेचं. घरासमोर पेव्हर ब्लॉक आहेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर जॅक लावला, गाडी पुढून उचलली आणि खाली पोकळ सिमेंटचे ब्लॉक ठेवले, कारण सगळेच तसं करतात, व्हिडिओत पण असंच दाखवतात. यावलवाला पुठ्ठा अंथरून खाली सरकायच्या तयारीत बसला होता. तेवढ्यात जॅकचं एक चाक दोन पेव्हरच्या फटीत रुतलं, गाडी इंचभर डावीकडे कलली आणि त्या बाजूच्या ब्लॉकचा सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ब्लॉक उभा चिरला होता. पडला नाही, पण चिरला. कोणी काही बोललं नाही. यावलवाल्याचे पाय गाडीकडे होते, त्याने ते हळूच ओढून घेतले एवढं मला आठवतं.

काका ओट्यावर बसले होते ते उठून आले, गाडी खाली घ्यायला लावली आणि म्हणाले, "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. अठ्ठावीस वर्ष इंजिनाखाली काम केलं, घोडीशिवाय एकदा पण गेलो नाही. उद्या घोड्या आणा, नाहीतर गाडी झाकून ठेवा." घोडी म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी स्टँड. त्या रात्री मला झोप लागली नाही. यावलवाल्याला दोन लहान पोरी आहेत.

दुसऱ्या दिवशी काम बंद. जळगावला जाऊन तीन टनाच्या चार लोखंडी घोड्या आणल्या, ४८०० रुपये, आणि गेट बनवणाऱ्याकडून जाड पत्र्याच्या चार प्लेटा कापून आणल्या, त्या पेव्हरवर टाकून त्यावर घोड्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. गाडी ठेवल्यावर काकांनी चौघांना चारी बाजूंनी ढकलायला लावली, जरा पण हलली नाही, मग खाली जायची परवानगी.

इंजिन वरून धरायचं होतं कारण गिअर बॉक्स काढला की डाव्या बाजूचा आधारच जातो. आमच्या अंगणात कडुनिंब आहे, आखाजीचा झोका त्याच फांदीला होता, बहीण माहेरी आलेली, तिच्या पोरी झोक्यावर. आम्हाला वाटलं तिथेच गाडी घेऊन फांदीला चेन पुली बांधू. काका नाही म्हणाले. शेवटी यावलवाल्याने शेतावरून बोअरची मोटर काढायची तिपाई आणि चेन पुली पिकअपमधे घालून आणली. तीन पाईप, वर कडी. शेकडो फूट पाईपासकट मोटर ओढणारी ती तिपाई, तिला इंजिनचं काहीच नाही. ती बॉनेटच्या वर येईल अशी उभी केली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली.

सकाळी साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, मधे काम शक्यच नाही, पारा ४४ च्या वर, पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबल, स्टार्टर, दोन्ही ॲक्सल, खालचं माउंटिंग, असं एकेक निघत गेलं. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या वाटीत, वाटीवर मास्तरने खडूने लिहिलेलं, शाळेतली सवय. क्लचचा खालचा सिलेंडर सोडल्यावर पेडलला कोणी पाय लावू नये म्हणून पेडलखाली लाकडाचा तुकडा अडकवला, चुकून दाबलं तर त्यातला पिस्टन बाहेर येतो. गिअर बॉक्सचं ऑइल दोन लिटर निघालं, कॅनमधे धरलं तरी थोडं सांडलं, त्यावर लाकडाचा भुसा टाकला पण डाग आजही आहे. पत्र लिहिणाऱ्या काकांची तक्रार इथे शंभर टक्के बरोबर आहे.

जुनं फ्लायव्हील हातात घेतलं, दहा-बारा किलोचं, वरची चकती हाताने फिरवली तर बोटभर मोकळी फिरली आणि कडक करून आपटली. मास्तर म्हणाला, "हाई काय शे भाऊ, हाई तं पुरं गये." नवीन हातात घेऊन तसंच केलं, ते थोडं फिरलं आणि मग स्प्रिंगने हाताला परत ढकललं. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही चौघांनी आळीपाळीने फिरवून बघितलं. पुस्तकात शंभर वेळा वाचून जे कळत नाही ते मनगटाला अर्ध्या मिनिटात कळलं. सहा बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, ६० न्यूटन मीटर आणि त्यानंतर आणखी पाव आटा (पाव फेरी), काकांनी प्रत्येक बोल्टवर खडूची रेघ मारली म्हणजे पाव आटा बरोबर दिसतो. क्लच प्लेटवर जर्मनमधे लिहिलेलं होतं, पुणेवाल्याने मोबाईलवर अर्थ काढला, गिअर बॉक्सकडची बाजू. उलटी बसली असती तर सगळं परत.

आणि परत करावं लागलंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिअर बॉक्स वर चढवला, जॅकवर तोलत, सगळ्यांच्या हातात, आणि शेवटचा बोटभर जाईना. हलवला, गिअरमधे टाकून फिरवला, नाही. पुणेवाला म्हणाला बोल्ट लावून ओढून घेऊ. काकांनी त्याच्या हातातून पाना घेतला. "ओढलं की गिअर बॉक्सचा बोल्टचा कान मोडेल, ॲल्युमिनियम आहे बाळा. नाही जात म्हणजे आत काहीतरी मधोमध नाही." अंधार पडत आलेला, कपडे घामाने ओले, तरी गिअर बॉक्स खाली घेतला. क्लच प्लेट खरंच एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकलेली होती, आम्ही सेंटर करायची प्लॅस्टिकची दांडी नीट धरली नव्हती. प्रेशर प्लेट ढिली करून, दांडी घालून, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळून परत बसवली. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता गिअर बॉक्स एका दमात आत गेला, टक असा बारीक आवाज आला, चौघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही.

संध्याकाळी हतनूर धरणापर्यंत जाऊन आलो. न्यूट्रलला खडखड नाही, क्लच लोण्यासारखा. आईने आमरस ठेवला होता.

आता मुद्द्यावर येतो. ऑगस्ट २०१४ मधे कॉम्पिटिशन कमिशनने (कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) १४ गाडी कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावताना स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला पण मिळाली पाहिजे असं म्हटलं. डिसेंबर २०२२ मधे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्या पण आहेत. म्हणजे आपली वस्तू आपण दुरुस्त करायची ही गोष्ट सरकारलाही मान्य आहे. पण ती करायची कुठे? चिरणाऱ्या ब्लॉकवर, रुतणाऱ्या पेव्हरवर? पार्ट मिळाला, माहिती मोबाईलवर मिळाली, हात मिळाले, काका मिळाले, आम्हाला एक गोष्ट मिळाली नाही ती म्हणजे पक्की सपाट फरशी आणि एक रॅम्प.

आणि ती गावात आहे. जिल्ह्यात ठिकठिकाणी आयटीआय आहेत, जिथे मोटर मेकॅनिकचा ट्रेड (कोर्स) चालतो तिथे वर्कशॉप आहे, खाली काँक्रीट आहे, घोड्या आहेत, जुनं ऑइल टाकायला बॅरल ठेवता येतं, आणि रविवारी तिथे कुलूप असतं. माझी कळकळीची विनंती आहे की महिन्यातले निदान दोन रविवार ही वर्कशॉप नावनोंदणी करून, भाडं घेऊन, डिपॉझिट घेऊन लोकांना उघडी करावी. दिवसाचे हजार रुपये लावले तरी आम्ही देऊ. एक शिक्षक किंवा रिटायर माणूस देखरेखीला असावा, त्याच्या परवानगीशिवाय कोणी गाडीखाली जायचं नाही. ट्रेडची पोरं पण थांबली तर त्यांना अशा गाड्यांचे गिअर बॉक्स उघडलेले बघायला मिळतील, त्यांनी दुहेरी चकतीचं फ्लायव्हील हातात धरलेलं नसेल तर उद्या ते कोणाच्या गाडीला हात लावणार. आपल्या गॅरेजवाल्या भावांनाही तिथे येऊ द्या, नवीन पाने बघतील, आमच्या गाड्या मग बाहेरगावी जाणार नाहीत.

पत्र लिहिणाऱ्या काकांना पण सांगतो, तुमचा रस्ता मोकळा राहील, ऑइलचा डाग पडणार नाही. तोपर्यंत जे कोणी घरी करत असतील त्यांनी पोकळ ब्लॉक, विटा, नुसता जॅक यावर गाडी ठेवून खाली जाऊ नका. आमच्या चार घोड्या घरी पडून आहेत, कोणाला लागल्या तर घेऊन जा, भाडं नको.

आमच्या गल्लीतले काका म्हणाले आयटीआयने बोलावलं तर रविवारी बसायला मी फुकट येतो. त्यांचं नाव-पत्ता पत्रासोबत वेगळा पाठवला आहे, छापू नये, पण प्राचार्यांना पाहिजे असल्यास द्यावा. मास्तरच्या गाडीचा टायमिंग बेल्ट पावसाळ्याआधी बदलायचा आहे, जागा मिळाली तर तिथेच करू.

आपला,
एक वाचक, भुसावळ