मालदीवचे कर्ज रुपयांत, हे बरे झाले

महोदय,

जुलै २०२५मध्ये भारताने मालदीवला ४,८५० कोटींची कर्जमर्यादा (लागेल तसे उचलायचे कर्ज) दिली, तीही रुपयांत. बँकेच्या परकीय चलन विभागात उमेदवारी केलेल्या मला यातली ‘रुपयांत’ ही बाब रकमेहून मोठी वाटते. तांदूळ, अंडी, कांदा सगळे बाहेरून आणणाऱ्या या देशाला डॉलर मिळतात ते पर्यटकांकडून. कोरोनात विमाने थांबली, पण डॉलरमधल्या कर्जांचे हप्ते उभेच होते! रुपयांतल्या कर्जात ही डॉलरची ओढ नाही. भारताच्या जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणला, हेही योग्यच. मात्र चीनच्या एक्झिम बँकेचे (सरकारी आयात-निर्यात बँकेचे) कर्जही त्याच तिजोरीतून फिटायचे आहे. आपण सोडलेले डॉलर तिकडच्या हप्त्यात जाऊ नयेत. यासाठी भारत आणि मालदीव या दोन्ही सरकारांनी मालदीवची राजधानी माले येथे एकत्र बसून परतफेडीचे वेळापत्रक ठरवावे आणि कर्जाच्या अटी जाहीर कराव्यात.

– एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक