पुन्हा गॅस भरू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, एसीवाला येऊन बघून गेला, गॅस संपलाय म्हणतोय, सोमवारी भरून घेतो. कृपा करून भरून घेऊ नका; आता नवा एसीच घ्यायचा. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मधेच कुकरकडे धावते, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते आहे.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरायचा, म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडायचे. गेली काही वर्षं दर मे महिन्यात आपल्याकडे हेच चाललंय.

गणपतीत आले होते तेव्हा मी गच्चीवर जाऊन बाहेरचं युनिट बघितलं होतं. मागच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांना बोट लावलं तर त्यांची पांढरी भुकटी हातात आली. खाली नळी वळते तिथे तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे असा डाग दिसला की गळती तिथेच आहे असं समजायचं. आपलं युनिट थेट समुद्राकडे तोंड करून बसवलंय. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकांना चिकटून असतात, त्यावर खारी ओल बसली की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पुढे नळीही टिकत नाही. एक भोक बुजवलं तरी शेजारी दुसरं पडणारच. इतक्या जुन्या यंत्राला नवीन कॉइल, म्हणजे या नळ्या-पट्ट्यांचा अख्खा संच, घालण्यात काही अर्थ नाही.

शिवाय आपल्या एसीत आर-२२ गॅस आहे. ओझोनच्या थराला त्याने धोका पोचतो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतोय. आपल्याकडेही २०२५ पासून नवीन यंत्रं त्यावर बनत नाहीत. आणि कोणी म्हणालं, "काका, यात नवा गॅस मारून देतो," तर स्पष्ट नाही म्हणा. आर-३२ किंवा आर-४१० या नव्या गॅसांचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. आपल्या जुन्या नळ्या आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत.

आता आईचं म्हणणं, की एसी हवाच कशाला, लावला की हातपाय आखडतात आणि तरी चिकचिक जात नाही. आई, तुझं अगदी खरं आहे, आणि त्याचं कारण एसी मोठा आहे हे आहे. दहा बाय बाराच्या खोलीला तेव्हा दीड टनाचा घेतला. तो खोली झटकन गार करतो आणि बंद पडतो. हवेतलं पाणी थंड पट्ट्यांवर जमून, ठिबकून नळीवाटे बाहेर जायला वेळ लागतो, तो मिळतच नाही. वर कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पंखा फिरत राहतो, तेव्हा पट्ट्यांवरचं पाणी पुन्हा खोलीतच उडतं. म्हणून तुला गारठाही वाजतो आणि चादरही ओलसर लागते. एक टनाचा इन्व्हर्टर एसी मंद गतीने बराच वेळ चालत राहील, आणि हवा खरंच कोरडी करेल.

बाबा, तुम्हाला छापखान्याचे दिवस आठवतात ना? पावसाळ्यात कागद ओल धरून फुगायचा, एका रंगावर दुसरा रंग जुळायचा नाही, आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे बाद व्हायचे. नेमक्या याच तक्रारीवर पहिला आधुनिक एसी बनला! १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने तो आखला, हवेतली ओल आटोक्यात ठेवायला. कागदासाठी जे केलं ते तुमच्यासाठी करायला तुम्ही का कचरताय?

हे गरजेचं आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. रत्नागिरीचे ३३ अंश नागपूरच्या ३३ पेक्षा शरीराला जड जातात ते यामुळे. वय वाढलं की घामही कमी येतो, तहानही उशिरा लागते. बाबांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे, त्यामुळे मला जास्त काळजी वाटते. मे महिन्यात बाबा रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घालत होते, ते मी विसरलेले नाही. नागपूरची मावशी कूलर घ्या म्हणते, तो तिच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. आपल्याकडे तो ओल्या हवेत आणखी पाणी घालेल.

बिलाची धास्ती सोडा. पाच स्टारचा एक टनाचा एसी पूर्ण जोरात साधारण ८०० ते १००० वॉट खातो, आणि खोली गार झाल्यावर त्याहून बराच कमी. नवे एसी सुरू केले की २४ वर येतात, २०२० पासून तसा नियमच आहे. तुम्ही २६ किंवा २७ वर ठेवा आणि वरचा पंखा मंद लावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. पावसाळ्यात रिमोटवरचा 'ड्राय' दाबा, तो हवेतली ओल काढण्यासाठीच असतो. आणि पाहुणे आले की लावायचा, ही पद्धत आता बंद करा. तो तुम्हा दोघांसाठी आहे.

दुकानदार 'हॉट अँड कोल्ड' मॉडेल गळ्यात मारेल, ते नको. आपल्याकडची थंडी गोधडीत भागते. त्याऐवजी तांब्याचं कॉइल आणि त्यावर गंजरोधक थर आहे का, ते विचारा. एसीचे पैसे मी आणि दादा मिळून देतोय, त्यावर वाद नको.

फिटिंगच्या दिवशी बाबांनी खुर्ची टाकून समोर बसायचं. बाहेरचं युनिट पूर्वेच्या भिंतीला, फणसाच्या सावलीत, पण भोवती मोकळी जागा ठेवून. जोडणी झाल्यावर नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायला लावा; थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात, तसं चालणार नाही. पाण्याच्या नळीला सलग उतार हवा, नाहीतर पाणी आतल्या भिंतीवर उतरेल. जुना एसी काढताना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये भरून घ्यायला सांगा.

पुढे दर पंधरा दिवसांनी आतल्या युनिटची जाळी नळाखाली धुवायची, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून बाहेरच्या युनिटवर गोड्या पाण्याची हलकी धार मारायची, म्हणजे मीठ बसून राहणार नाही. जाळीसाठी आईने स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा, तो आनंदाने करेल.

सोमवारच्या माणसाला आजच फोन करून नको म्हणून कळवा. दादा शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर दुकानात जा.

तुमची,
मनू