चौथा कप कोणाचा?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नवीन लिहिणाऱ्या पोरापोरींच्या कथा येऊन राहिल्या, ते चांगलंच चाललंय, तक्रार त्याची नाही. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराची कथा तुमच्याकडून परत आली, वर एका ओळीत लिहिलं होतं की कथा आवडली, फक्त शेवट थोडा बदलून चार दिवसांत पाठवा. पोरगा खुश, लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला, म्हणे काका शेवटचे दोन पॅरे तर आहेत, अर्ध्या तासाचं काम. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला परत आला तेव्हा डोळे लाल, आणि कथेची अशी अवस्था की ना धड आधीची राहिली ना नवीन झाली. शेवटी त्यानं पाठवलीच नाही. हे पत्र तुमच्या त्या "थोडा" शब्दाबद्दल आहे.

मी काही मोठा लेखक नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून, म्हणजे शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक जुळवायला लागलो तेव्हा मिसरूड फुटत होती, मग डीटीपी, म्हणजे कम्प्युटरवर पानं जुळवणं आलं तसं पेजमेकर आणि श्रीलिपी ही त्याची सॉफ्टवेअरं शिकलो, आयुष्य दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवण्यात गेलं, मधेमधे स्वतःच्या चार-पाच कथा दिवाळी अंकांत छापून आल्या एवढंच. पण लिहिलेलं बदलायला निघालेली माणसं मी जेवढी जवळून पाहिली तेवढी कोणी पाहिली नसतील. खिळ्यांच्या काळात प्रूफ वाचताना लेखकाला मधेच एखादं वाक्य सुचायचं, आणि तो ते समासात लिहून निवांत घरी जायचा. इकडे आमचं काय व्हायचं, तर ते वाक्य घुसवलं की ती ओळ पुढं सरकायची, तिच्यामुळे पुढची, असं करत पॅरा संपेपर्यंत सगळ्या ओळी चिमट्यानं काढून परत जुळवायच्या, आणि पानं बांधून झालेली असतील तर दोन ओळी पुढच्या पानावर, तिथल्या दोन त्याच्या पुढच्या. आमचे फोरमन काका लेखकाला तोंडावर सांगायचे, साहेब शब्द बदला पण तेवढ्याच अक्षरांचा द्या. लेखक चिडायचे, पण द्यायचे बरं का, आणि कधीकधी तो दुसरा शब्द पहिल्यापेक्षा चांगला निघायचा.

कम्प्युटर आल्यावर मला वाटलं सुटलो, आता पाहिजे तितकं बदला, ओळी आपोआप सरकतात. ओळी सरकल्या. गोष्ट काही सरकली नाही.

माझंच सांगतो. मी एक कथा लिहिली होती, महालातल्या वाड्यात एकटी राहणारी आत्या, भाचे वाडा बिल्डरला देऊन राहिले, शेवटी आत्या रजिस्ट्रीच्या ऑफिसात जाते, अंगठा देते, घरी येऊन अंगठ्याची शाई दाराच्या चौकटीला पुसते. संपलं. एका दिवाळी अंकाला पाठवली, (नाव सांगत नाही, अंक आता बंद पडला आणि ते गृहस्थही स्वभावानं चांगले होते), तर त्यांचा फोन आला, कथा घेतो पण दिवाळीचा अंक आहे, शेवट जरा पॉझिटिव्ह करा, आत्यानं अंगठा नको द्यायला, तीन दिवसांत द्या. मी म्हटलं देतो. मलाही त्या पोरासारखंच वाटलं होतं की शेवटच्या पंधरा ओळींचं काम आहे.

बसलो तर लक्षात आलं की आत्या अंगठा देणार हे पहिल्या पानावरच ठरून गेलेलं. तिथं ती विहिरीवरचा रहाट काढून भंगारवाल्याला देते. जी बाई वाडा सोडणार नाही ती रहाट काहून देईल? म्हणून रहाट काढला. रहाट गेला तर भंगारवाला गेला, भंगारवाल्याच्याच तोंडून बिल्डरची बातमी कळायची, ती आता कोणी सांगावी? मग वरच्या खोलीतला भाडेकरू होता, तो डिपॉझिट परत घेऊन जातो असं होतं, आता वाडा राहणार तर तो कशाला जाईल, त्याला ठेवला तर शेवटी आत्या एकटी राहत नाही, म्हणून त्याला मुळातूनच उडवला. तिसऱ्या रात्री दोन वाजेपर्यंत हे चाललं, बायको दोनदा उठून पाहून गेली. सकाळी फ्लॉपी देऊन आलो.

अंक आला. छान छापला होता, चित्रही होतं. आणि दिवाळीनंतर उमरेडहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, कथा आवडली वगैरे एकच ओळ, आणि खाली लिहिलं होतं, पान अमुकवर आत्या चार कप चहा ओतते, माणसं तीनच आहेत, चौथा कप कोणाचा?

भाडेकरूचा होता! त्याला मी सगळीकडून खोडला, नाव शोधून शोधून खोडलं, पण त्या वाक्यात त्याचं नाव नव्हतं, फक्त "चार कप" होतं, ते राहून गेलं. ते पोस्टकार्ड अजून माझ्या खणात आहे. बाप्पा, तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासली आणि स्वतःच्या कथेत एक कप दिसला नाही. दिसणार कसा म्हणा, मला वाचताना तिथं तो भाडेकरू बसलेलाच दिसायचा.

मला वाटतं खरी अडचण इथंच आहे. एकदा लिहून काढलं की ते कागदावर थोडंच राहतं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात सिमेंटसारखं घट्ट होऊन बसतं, आणि मग तो बदलतो म्हणजे काय करतो तर वरून पापुद्रे काढतो. आणि एकट्या लिहिणाऱ्याच्याच डोक्यात नाही. कथा आमच्या घरच्याच आत्यावरून लिहिलेली, पण खऱ्या आत्यानं शाई चौकटीला वगैरे काही पुसली नव्हती, ती रजिस्ट्रीच्या बाहेरच्या नळावर हात धुऊन आली आणि आम्ही सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले, आत्यानं वरून तर्री मागून घेतली. शाई पुसायचं मी शेवटासाठी रचलेलं. छापून आलेल्या कथेत तर तेही नव्हतं, पण आधीचा खर्डा घरात सगळ्यांनी वाचलेला. परवा एका लग्नात माझा चुलतभाऊ नव्या जावयाला सांगून राहिला होता की आत्यानं अशी चौकटीला शाई पुसली आणि आम्ही सगळे रडलो. मी म्हटलं अरे असं झालंच नव्हतं, ते मी लिहिलं. तर मला म्हणतो, "तूच विसरला बे, मी होतो ना तिथं."

नाटकवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं असते, तालमीत नट वाक्यावर अडखळला की लेखकाला कळते, तिथल्या तिथं बदलता येते. नाटककार राम गणेश गडकऱ्यांना तेही नाही मिळालं, ते 23 जानेवारी 1919 ला आपल्या सावनेरला वारले आणि त्यांचं 'एकच प्याला' त्यानंतर रंगमंचावर आलं, पदंसुद्धा त्यांच्या मित्रानं, गुर्जरांनी लिहून दिली. आणि छापून लोकांच्या हातात गेलं की तर संपलंच. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयलनी 1893 मध्ये धबधब्याच्या कड्यावरून खाली घातला, त्यांना त्याचा कंटाळा आला होता, लोक भयंकर चिडले, आधी त्यांनी मरणाच्या अगोदरची म्हणून एक कादंबरी लिहून पाहिली आणि शेवटी 1903 मध्ये त्याला परत आणायची वेळ आली. पण छापलेलं खोडणार कसं? नशीब की वॉटसननं त्याला पडताना पाहिलेलं नव्हतं, कड्यावर चिठ्ठी आणि काठी सापडली होती, प्रेत नाही. तेवढ्या फटीतून डॉयलनी माणूस बाहेर काढला. ती फट नसती तर काय केलं असतं देव जाणे. माझ्या कथेत तसली फट नव्हती, आत्या पहिल्या पानावरच रहाट देऊन मोकळी झाली होती.

मग करायचं काय? त्या पोराला मी म्हटलं लॅपटॉप बंद कर आणि मला गोष्ट तोंडानं सांग, कागदाकडे पाहायचं नाही. आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे, म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या लीळा माणसामाणसाला विचारून लिहिल्या, पुढं धामधुमीत पोथी गेली आणि मग ज्यांना जशी आठवत होती तशी त्यांनी परत लिहिली, म्हणून 'लीळाचरित्रा'चे आज इतके पाठ. अभ्यासकांना ती डोकेदुखी असेल, मला मात्र त्यातून एवढं दिसलं की पोथी हातात नसली की माणूस गोष्टच परत सांगतो, ठिगळ लावत नाही. पोरानं सांगायला सुरुवात केली तर दहा मिनिटांत शेवट आपोआप वेगळा झाला, आणि सुरुवात तर फारच वेगळी, त्याच्या कथेतला रिक्षावाला आला तोच बोलत बोलत. पण ती लिहायला त्याला महिना लागेल, चार दिवस नाही.

तर साहेब, विनंती एवढीच की नवीन पोरांच्या कथा परत पाठवताना शेवट बदला असं नका लिहू. शेवट तुम्हाला का पटला नाही, कुठल्या पानावर तुम्ही अडखळलात, तेवढं लिहा, त्याचं तो पाहील कुठून बदलायचं ते. आणि मुदत महिन्याची द्या. जागा भरायची घाई असते मला माहीत आहे, मी तुमच्याच धंद्यातला, रात्री अकराला अर्धं पान रिकामं असलं की कसं होते ते पाहिलंय. त्या रात्री जुना एखादा विनोद टाका.

माझी आत्याची कथा मी या उन्हाळ्यात दोनशेपानी वहीत परत लिहायला घेतली आहे, अंक माळ्यावर ठेवून दिला, पाहायचाच नाही म्हणून. सतरा पानं झाली. भाडेकरू परत आलाय, वाडा जाणार की राहणार ते अजून मला माहीत नाही, पण चहा चार कपच आहे.

आपला,
एक जुना कंपोझिटर, महाल, नागपूर